कवळीची रोजची निगा आणि मोडतोड: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

कवळी वापरणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. कवळी पेस्ट लावून खसाखसा घासली जाते, पण तिच्याखालच्या हिरड्यांना कुणी हात लावत नाही. रात्री ती तोंडातच राहते, किंवा काढून कागदात गुंडाळून उशाशी ठेवली जाते. सैल झाली की खाली कापूस, तुटली की फेविक्विक. खालचा क्रम पाळला तर यातली बरीच डोकेदुखी टळेल.

हे सगळं प्रामुख्याने गुलाबी अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या कवळीसाठी आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांकडे तीच असते. धातूचा सांगाडा किंवा तारा असलेली अर्धी कवळी आणि लवचीक नायलॉनची कवळी यांच्या बाबतीत जिथे फरक पडतो, तिथे तसं लिहिलं आहे.

## टप्पा १: आधी सामान जमवा

एक मऊ ब्रश कवळीसाठी, दुसरा त्याहून मऊ ब्रश हिरड्या आणि जिभेसाठी. दोन्ही वेगळ्या रंगांचे घ्या, म्हणजे अदलाबदल होत नाही. कवळीसाठीचा दोन तोंडांचा ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो. हाताची पकड कमी झालेल्यांसाठी त्याच्या दांड्याला जुना रुमाल गुंडाळून जाड करून द्या. साधा सौम्य साबण किंवा भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन थेंब, झाकणाचा डबा आणि एक नॅपकिन. एवढं पुरतं.

काय वापरायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. टूथपेस्ट, राखुंडी, मिश्री, लाल दंतमंजन, खाण्याचा सोडा चोळून लावणं, भांड्यांची घासणी, हे सगळं बाद. अ‍ॅक्रिलिक खऱ्या दातांच्या एनॅमलपेक्षा बरंच मऊ असतं. त्यावर बारीक चरे पडतात, चऱ्यांत बुरशी आणि चहा-पानाचे डाग बसतात, डाग दिसले की माणूस आणखी जोरात घासतो.

सावधान: उकळतं पाणी कधीही नाही. "निर्जंतुक करू या" म्हणून कवळी पातेल्यात उकळणारे आहेत. उष्णतेने अ‍ॅक्रिलिकचा आकार बदलतो आणि तो पुन्हा जागेवर येत नाही. हाताला कोमट लागेल त्याहून गरम पाणी घेऊ नका.

## टप्पा २: कवळी काढणं

बेसिनमध्ये अर्ध्यापर्यंत पाणी भरा, किंवा तळाशी नॅपकिन दुमडून ठेवा. हे काढण्याच्या आधी करायचं, नंतर नाही. ओली, साबण लागलेली कवळी निसटते आणि चिनी मातीवर आपटून तडकते. घरात तुटणाऱ्या अनेक कवळ्या जेवताना नव्हे, धुताना तुटतात.

वरची कवळी ओढून निघत नसेल तर समोरच्या दातांना धरून हिसकू नका. एक घोट पाण्याने चूळ भरा, मग तर्जनी गालाच्या बाजूने मागे नेऊन कवळीच्या काठाखाली हलकेच सारा. हवा आत शिरली की ती सुटते. तारांची अर्धी कवळी असेल तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी जोर द्या. एकच तार ओढत राहिलं की ती वाकते, आणि मग आधाराचा खरा दातही हलायला लागतो.

## टप्पा ३: आधी तोंड, मग कवळी

हा टप्पा सर्रास गाळला जातो. कवळी चकचकीत आणि टाळू लालभडक, असं दृश्य दातांच्या डॉक्टरांना नवं नाही.

कवळी काढल्याबरोबर साध्या पाण्याने दोनदा चूळ भरा. मऊ ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या ओल्या गॉझने वरची हिरडी, टाळू, खालची हिरडी आणि शेवटी जीभ, या क्रमाने हलक्या हाताने पुसून घ्या. गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत बोट फिरवा. शेंगदाण्याचा कूट, पोह्याचा कण, सुपारीचा तुकडा तिथेच अडकलेला असतो. काही खरे दात शिल्लक असतील तर ते फ्लोराइडच्या पेस्टने नीट घासा. तारा ज्या दातांना टेकतात, ते आधी किडतात.

तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: कवळीच्या काठाखाली अडकलेली तंबाखू तासन्‌तास एकाच जागी त्वचेला चिकटून राहते. "तंबाखू सोडा" हे सांगून झालेलं असतं, ते घरोघरी ऐकलं जातं आणि घरोघरी टाळलं जातं. निदान ती कवळीखाली राहणार नाही एवढं तरी आजपासून बघा.

## टप्पा ४: कवळी घासणं

१. वाहत्या पाण्याखाली धरून अन्नकण काढा. हे प्रत्येक जेवणानंतर.

२. दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, साबणाचे थेंब टाकून ब्रशने घासा. सुरुवात आतल्या बाजूने करा, म्हणजे जी बाजू हिरडीला टेकते तिथून. बुरशीचा थर तिथे जमतो. दिसणारे पुढचे दात शेवटी.

३. खालची कवळी बोटांच्या चिमटीत एका बाजूला धरा. मुठीत दोन्ही टोकं दाबून धरली तर ती मधोमध मोडू शकते.

४. साबणाची चव राहणार नाही इतपत खळखळून धुवा.

तपासा: धुतल्यावर आतल्या बाजूवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर थर गेलेला नाही. खरखरीत, पांढरट लागलं तर क्षार जमले आहेत. बोअरच्या जड पाण्यावर असलेल्या घरांत हे जास्त दिसतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास भिजवा आणि ब्रश करा. धातू असलेल्या कवळीला हा उपाय नको. चाकूने किंवा सुईने क्षार खरवडू नका. निघत नसतील तर डॉक्टरांकडे ते यंत्राने काही मिनिटांत निघतात.

## टप्पा ५: रात्री पाण्यात

रात्री कवळी बाहेर हवी. लाज वाटते, ओठ आत गेलेले दिसतात, नातवंडांसमोर बरं वाटत नाही, हे सगळं समजण्यासारखं आहे. पण हिरड्यांना सहा-आठ तास मोकळीक मिळाली नाही तर टाळूवर कॅन्डिडा नावाची बुरशी वाढते. आणि प्रश्न तोंडापुरता राहत नाही. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेत कवळी ठेवणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. झोपेत थुंकी नकळत श्वासमार्गात उतरते, आणि कवळीवरचे जंतू तिच्याबरोबर जातात.

याला एक अपवाद आहे. दात काढल्याच्या दिवशीच बसवलेली कवळी पहिले २४ तास सहसा काढायची नसते. ती काढली तर सूज येते आणि पुन्हा बसत नाही. तिथे डॉक्टर सांगतील तेच करा.

काढलेली कवळी झाकणाच्या डब्यात, पूर्ण बुडेल एवढ्या साध्या गार पाण्यात ठेवा. अ‍ॅक्रिलिक पाणी शोषून आपला आकार धरून असतं. कोरडं पडलं की किंचित आक्रसतं, ठिसूळही होतं. डब्यातलं पाणी रोज बदला आणि डबाही धुवा.

फेसाळणाऱ्या गोळ्या वापरत असाल तर पाकिटावर दिलेला वेळ पाळा आणि नंतर कवळी ब्रशने घासून धुवाच. गोळी ब्रशचं काम करत नाही. गोळीचं पाणी चूळ भरायला वापरू नका. विसरभोळेपणा किंवा डिमेन्शिया असलेल्या व्यक्तीच्या हाताला त्या गोळ्या लागता कामा नयेत. त्या औषधाच्या गोळीसारख्या दिसतात आणि गिळल्या जातात.

सावधान: कपड्यांच्या ब्लीचमध्ये कवळी रात्रभर ठेवली तर रंग उडतो आणि धातू गंजतो. बुरशी फार असेल तर डॉक्टर सौम्य प्रमाणाचं द्रावण सांगतात, तेही १० मिनिटांपेक्षा जास्त नाही. धातूच्या कवळीला तर अजिबात नाही.

## टप्पा ६: सकाळी बसवणं

पाण्यातून काढून धुवा, ओलीच बसवा. वरची आधी. चावून जागेवर आणायची सवय मोडा. बोटांनी दाबून बसवा, मगच तोंड मिटा.

चिकटवायची पेस्ट रोज लागत असेल तर कवळी सैल आहे, असा त्याचा सरळ अर्थ. लग्नाला, समारंभाला लावली तर हरकत नाही. लावायची पद्धत: कवळी पुसून कोरडी करा, वरच्या कवळीत वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके, खालच्या कवळीत तीन. काठापर्यंत फासू नका. दाबल्यावर पेस्ट बाहेर आली तर जास्त झाली. दोन्ही कवळ्यांसाठी साधारण ६८ ग्रॅमची ट्यूब सात-आठ आठवडे पुरायला हवी. आठवड्यात संपत असेल तर थांबा. काही पेस्टमध्ये जस्त असतं. ते बराच काळ जास्त प्रमाणात पोटात गेलं की शरीरातलं तांबं कमी होतं आणि हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं सुरू होतं. हे "वयामुळे" म्हणून सोडून दिलं जातं. जस्त नसलेली पेस्ट घ्या. रात्री कवळी आणि हिरड्या दोन्हीवरून ती पूर्ण काढा.

## टप्पा ७: महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन तोंड बघा

आजी-आजोबांना खिडकीपाशी बसवा, कवळी काढा, मोबाइलची बॅटरी लावा आणि बघा.

टाळूवर कवळीच्या आकाराचा लाल पट्टा दिसला, तर ती बहुधा बुरशी. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून कळत नाही. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या असतील तर तेही त्याच बुरशीचं असू शकतं, किंवा कवळी झिजून तोंड जास्त मिटत असेल. नुसतं तोंडाला बुरशीवरची जेल लावून हे बरं होत नाही. कवळीत बुरशी तशीच राहिली तर ती पुन्हा उलटते. मधुमेह असलेल्यांना आणि दम्याचा स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. पंप घेतल्यावर कवळी काढून चूळ भरायची.

सावधान: रक्त पातळ करणारी वॉरफरीन ही गोळी चालू असेल तर मायकोनॅझोल ही बुरशीवरची जेल स्वतःहून आणून लावू नका. तोंडात लावलेली जेलसुद्धा वॉरफरीनचा परिणाम वाढवते आणि रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना गोळ्यांची पूर्ण यादी दाखवा.

तोंड कोरडं पडत असेल तर रक्तदाब, नैराश्य, अ‍ॅलर्जी, लघवीच्या त्रासाच्या गोळ्यांपैकी एखादी कारण असू शकते. थुंकी कमी झाली की वरची कवळी धरत नाही आणि हिरडी सोलवटते. गोळी परस्पर बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा. तोवर पाण्याचे घोट घेत राहा. लिमलेटच्या गोळ्या चघळू नका. साखरेने उरलेले दात जातात.

पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, कडक कड असलेली जखम, न दुखणारा व्रण, यातलं काहीही दोन आठवड्यांत गेलं नाही, तर "कवळी लागली असेल" म्हणून थांबू नका. तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांनी तर दोन आठवडेही थांबू नये.

## टप्पा ८: बोचते किंवा सैल झाली

दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, आणि खालचं हाड वरच्यापेक्षा जवळपास चौपट झिजतं. म्हणून खालची कवळी आधी उड्या मारायला लागते. मोठ्या आजारपणात वजन उतरलं तरी कवळी सैल होते. याला कुणाचा दोष नाही, पण खाली कापूस, कापड, कागद कोंबणं हा उपाय नाही. दाब एका जागी येतो आणि तिथलं हाड आणखी झिजतं.

बोचत असेल तर नखं घासायच्या कानसीने किंवा पॉलिश पेपरने स्वतः घासू नका. चुकीची जागा घासली गेली की पकड जाते. बोचरी कवळी काढून ठेवा, पण डॉक्टरांकडे जायच्या दिवशी काही तास घालून जा. लाल खूण ताजी असली की नेमकी कुठे घासायची ते त्यांना दिसतं. जखम भरून आल्यावर गेलात तर ते अंदाजाने घासणार.

सैल कवळीला आतून नवा थर देतात, त्याला रिलायनिंग म्हणतात. कडक थर जास्त टिकतो. मऊ थर नाजूक, दुखऱ्या हिरडीला आराम देतो, पण काही महिन्यांत कडक होतो, हळदीने पिवळा पडतो आणि बुरशीही त्यात लवकर शिरते. तो ब्रशने नाही, बोटाने किंवा मऊ कापसाने धुवायचा. लॅबमध्ये काम असेल तर एक-दोन दिवस कवळीविना काढावे लागतात. मऊ भात, पिठलं, खिमट यांची तयारी आधी करून ठेवा.

## टप्पा ९: तुटली तर

१. सगळे तुकडे गोळा करा. तांदळाएवढा कपचासुद्धा. निखळलेला दात वेगळ्या डबीत ठेवा.

२. एखादा तुकडा सापडला नाही आणि कवळी तोंडात असताना तुटली असेल, तर तो गिळला गेलाय का हे आधी ठरवा. खोकला, धाप, घशात टोचणं, लाळ गळणं असेल तर तडक रुग्णालय. उरलेली कवळी बरोबर न्या. साधं अ‍ॅक्रिलिक एक्स-रेमध्ये दिसत नाही. काय शोधायचंय ते डॉक्टरांना हातात बघायला मिळालं पाहिजे.

३. तुकडे साबणाने धुवा, ओल्या कापडात गुंडाळून कडक डब्यात ठेवा.

४. जोडून बघायचा मोह आवरा. घासून घासून जुळवलं की कडा झिजतात.

५. कशी तुटली ते लिहून ठेवा: हातातून पडून की भाकरी चावताना? हा प्रश्न सगळ्यात कामाचा. पडून तुटलेली कवळी जोडली की संपलं. चावताना मधोमध तुटलेली वरची कवळी बहुधा आधीच नीट बसत नव्हती, टाळूच्या मधल्या हाडावर डुलत होती. ती नुसती जोडली तर त्याच जागी पुन्हा तुटेल. जोडण्याबरोबर आतला थर बदलायला हवा. दुसऱ्यांदा तिथेच तुटली तर दुरुस्तीवर आणखी पैसे घालू नका, नवीनचा विचार करा.

फेविक्विक, आरल्डाइट, एम-सील नको. ही तोंडात ठेवायची वस्तू नाही हे एक. दुसरं, गोंदाचा थर मध्ये आल्याने तुकडे केसभर सरकतात, दात जुळत नाहीत आणि लॅबला तो थर खरवडताना मूळ कडाही घासावी लागते. दहा मिनिटांचं समाधान, आणि बऱ्यापैकी जुळणारी दुरुस्ती हातची जाते.

ऑनलाइन मिळणारे दुरुस्तीचे किटही मी घरी आणू देणार नाही. त्यात पावडर आणि द्रव असतो. लॅबही तशीच जोडी वापरते, तिला कोल्ड क्युअर म्हणतात. पण तिथे काय होतं बघा: तुकडे चिकट मेणाने तात्पुरते जुळवून आतल्या बाजूला प्लास्टरचा साचा ओततात. मग तुटलेल्या कडा मुद्दाम घासून मध्ये फट करतात, तिरप्या करतात, द्रवाने ओल्या करतात, ताजं मिश्रण भरतात, आणि कोमट पाण्याच्या दाबाच्या भांड्यात ते घट्ट होऊ देतात. साच्याशिवाय तुकडे जागेवर राहत नाहीत. तो द्रव, मिथाइल मेथाक्रिलेट, पेट घेणारा आहे, त्याच्या वाफेने डोळे झोंबतात आणि कच्चा राहिला तर हिरडी पोळते. शिवाय मिश्रण घट्ट होताना तापतं. तोंडात धरून जोडायचा प्रयत्न तर कल्पनेतही नको.

नायलॉनच्या कवळीला हे मिश्रण चिकटत नाही, त्यामुळे ती तुटली की बहुतेकदा नवी करावी लागते. तुटलेली तार पकडीने वाकवून वेळ मारून नेऊ नका.

दुरुस्तीनंतर तपासा: जोडावरून बोट आणि मग जीभ फिरवा, कुठेही धार लागता कामा नये. दोन्ही बाजूंच्या दाढांवर आळीपाळीने दाब द्या, दुसरी बाजू उचलली जात असेल तर तिथेच सांगा. कोल्ड क्युअरचा उग्र वास येत असेल तर वापरण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवा. आणि जोड मूळ कवळीएवढा मजबूत नसतो, त्यामुळे ऊस, चिक्की, अख्खी सुपारी यांना आता कायमचा रामराम.

साधारण पाच-सात वर्षांत कवळी बदलावी लागते, आणि काही दुखत नसलं तरी वर्षातून एकदा दाखवावी. मुंबईतलं नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, तसंच मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं इथे खासगीपेक्षा कमी खर्चात काम होतं. वेळ मात्र लागतो, खेपा होतात, त्या धरून चाला. केंद्राच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना दिल्या जाणाऱ्या साधनांमध्ये कवळीचाही समावेश आहे.

## टप्पा १०: अंथरुणाला खिळलेली व्यक्ती आणि रुग्णालय

आडवं झोपवून कवळी काढू-घालू नका. पाठीला उशा लावून बसतं करा, तेही जमत नसेल तर कुशीवर वळवा. गिळायला त्रास असेल तर चूळ भरायला लावू नका, ओल्या गॉझने पुसा. ग्लानीत असलेल्या माणसाच्या तोंडात कवळी ठेवायचीच नाही, आणि खरे दात उरले असतील तर त्यांच्या मध्ये आपलं बोट घालायचं नाही.

कवळीवर नाव हवं. डॉक्टरांना सांगून मागच्या बाहेरच्या बाजूला, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकखाली, आडनाव घालून घ्या. नवी कवळी बनतानाच सांगितलं तर काम सोपं होतं.

शस्त्रक्रियेआधी कवळी काढतात. ती परिचारिकेकडे किंवा उशाखाली नको, जेवणाच्या ट्रेवर टिश्यूत गुंडाळून तर मुळीच नको. ट्रे उचलला जातो आणि टिश्यू कचऱ्यात जातो. पाणी घातलेला, नाव लिहिलेला डबा घरूनच न्या, काढल्याबरोबर त्यात टाका आणि डबा घरच्या एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा.